टायटल ब्लॉकपासून साइटवरच्या संडासापर्यंत: नव्या आर्किटेक्चर ऑफिसात समान संधी कशी आणायची

पुण्यातल्या आर्किटेक्चर कॉलेजांच्या वर्गांत डोकावलं तर मुली भरपूर दिसतात. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं खास मुलींसाठीचं आर्किटेक्चर कॉलेजच आहे. लातूर, धुळे, सांगली, यवतमाळकडून आलेली पोरंही प्रत्येक बॅचमध्ये असतात. मग प्रभात रोड, डेक्कन, कोथरूडमधल्या ऑफिसांच्या पाट्या वाचत फिरा. पाटीवरची नावं बरीचशी एकाच मासल्याची निघतात. मधली माणसं कुठे गळाली?

गळती ठरावीक ठिकाणी होते. बिनपगारी इंटर्नशिप परवडली नाही म्हणून एक गावी परत जातो. तीन वर्षं फक्त इंटिरियरची ड्रॉइंग काढल्यामुळे दुसरीला साइट चालवता येत नाही. पहिल्या बाळानंतर तिसरी परत येत नाही. चौथ्याला आडनाव सांगितल्यावर 'कळवतो' असं उत्तर मिळतं आणि कुणी कळवत नाही.

हा लेख नुकतंच ऑफिस थाटलेल्या, तीन ते पंधरा माणसांच्या प्रॅक्टिससाठी आहे. एखाद्या मोठ्या ऑफिसात टीम सांभाळायची जबाबदारी नव्याने आलेल्यांनाही तो चालेल. 'आम्ही सर्वांना समान संधी देतो' हे वाक्य वेबसाइटवर टाकायला दोन मिनिटं लागतात आणि त्याचा परिणामही तेवढाच टिकतो. खरा फरक पडतो तो नोकरीची जाहिरात, पगाराचा तक्ता, कामवाटपाचा तक्ता, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कडेची, नावं लिहायची चौकट) आणि टेंडरच्या अटी या पाच कागदांत. त्यामुळे इथे कागदांबद्दलच बोलू.

पहिली पायरी: आधी मोजा

एक शनिवार काढा आणि दोन तक्ते करा. पहिला पगाराचा. त्यात रुजू झाल्याची तारीख, पद, अनुभवाची वर्षं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी आहे की नाही आणि महिन्याचा पगार हे पाच रकाने पुरे. एकाच पदावरच्या आणि जवळपास सारख्या अनुभवाच्या माणसांची तुलना करा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्याचं कारण एका ओळीत लिहून काढा. 'तो घासाघीस करून आला' हे कारण लिहायला हात अडखळतो. ज्या ओळीवर हात अडखळेल, तो पगार पुढच्या वाढीत दुरुस्त करा.

बहुतेक लहान ऑफिसांत ही तफावत कुणी मुद्दाम करत नाही. मुलाखतीत 'आधी किती घेत होतात?' असं विचारलं जातं आणि त्यावर थोडी भर घालून आकडा ठरतो. आधीच्या ऑफिसाने ज्याला कमी दिलं त्याला तुम्हीही कमीच देता, आणि ती चूक वर्षानुवर्षं त्याच्या मागे फिरते. उपाय साधा आहे: जुना पगार विचारू नका. जाहिरातीतच पगाराची खालची आणि वरची मर्यादा छापा.

दुसरा तक्ता कामवाटपाचा. आडव्या ओळीत माणसांची नावं, उभ्या रकान्यांत कामाचे सहा प्रकार: कॉन्सेप्ट, मंजुरीची ड्रॉइंग आणि महापालिकेतला पाठपुरावा, वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामासाठीची), साइट सुपरव्हिजन, क्लायंट मीटिंग, बीओक्यू (कामं आणि त्यांची मापं यांची यादी) आणि बिलं तपासणं. मागच्या तीन महिन्यांत कोणी काय केलं त्याच्या खुणा करा. हा तक्ता पगाराच्या तक्त्यापेक्षा जास्त बोलतो. कोणाचा तरी साइटचा रकाना पूर्ण कोरा असतो, कोणाचा क्लायंट मीटिंगचा. आर्किटेक्चरमध्ये पार्टनरशिपपर्यंतची वाट साइट आणि क्लायंट या दोन रकान्यांतूनच जाते. बिल तपासता येत नाही, कॉन्ट्रॅक्टरशी बोलता येत नाही, अशा माणसाला दहा वर्षांनीही कोणी पार्टनर करत नाही. मग 'ती डिझाइनला चांगली आहे, पण…' अशी वाक्यं सुरू होतात.

कोरा रकाना दिसला की पुढच्या तीन महिन्यांत तो भरायचा. एकदम मोठी साइट सोपवायची गरज नाही. अनुभवी माणसाबरोबर सळई तपासणीला आणि स्लॅब भरण्याच्या वेळी चार भेटी, मग एका लहान बंगल्याची साइट स्वतंत्र. इथे हमखास होणारी चूक अशी की मुलीला साइट मिळते पण कॉन्ट्रॅक्टर फोन सरांनाच करत राहतो आणि सर उत्तरही देतात. पहिल्याच मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहा: 'साइटवरचे सर्व निर्णय यांच्यामार्फत.' नंतर फोन आला तर 'मॅडमना विचारा' म्हणून ठेवून द्या. दोन-तीनदा असं झालं की फोन थांबतात.

मिनिट्स लिहिणं, चहा सांगणं, वाढदिवसाचा केक आणणं, नव्या इंटर्नला प्लॉटर (मोठी ड्रॉइंग छापायचं यंत्र) दाखवणं ही कामं तक्त्यात येत नाहीत, पण वेळ खातात आणि बघता बघता बायकांच्या गळ्यात पडतात. त्यासाठी आठवड्याची पाळी लावा. पाळीत मालकाचं नावही असू द्या.

दुसरी पायरी: इंटर्नचा स्टायपेंड

बी. आर्क. पाच वर्षांचं आणि त्यात एक सेमिस्टर प्रॅक्टिकल ट्रेनिंग. ते सक्तीचं असल्याने विद्यार्थ्याला ऑफिस शोधावंच लागतं आणि ऑफिसला हे नेमकं ठाऊक असतं. 'शिकायला मिळतंय ना' या नावाखाली फुकट राबवून घेणं इथूनच सुरू होतं. ज्याचं घर पुण्यात आहे त्याला ते परवडतं. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्याला नाही. म्हणजे फुकट इंटर्नशिप देणारं ऑफिस गुणांवर निवडतच नाही, ते पुण्यात घर असलेल्यांना निवडतं.

स्टायपेंड ठरवायची पद्धत अशी: कॉटचं भाडं, दोन वेळची मेस, बसपास किंवा पेट्रोल, आणि फोन-इंटरनेट-किरकोळ हे चार आकडे तुमच्या ऑफिसच्या परिसरातल्या चालू भावाने लिहा. समजा ते ५,०००, ३,५००, १,२०० आणि १,५०० आले, तर बेरीज ११,२००. स्टायपेंड या बेरजेच्या खाली जाता कामा नये. दर जूनमध्ये आकडे पुन्हा काढा, कारण भाडी नव्या वर्षाच्या प्रवेशांबरोबर वाढतात. परवडत नसेल तर तीनऐवजी दोन इंटर्न घ्या. साइटला जायचा खर्च स्टायपेंडमध्ये धरू नका, तो वेगळा आणि त्याच आठवड्यात द्या. महिनाअखेरीला पेट्रोलचे पैसे अडकले की आधी गावाकडून आलेल्याचीच पंचाईत होते.

लॅपटॉपचंही बघा. 'स्वतःचा लॅपटॉप आवश्यक' ही जाहिरातीतली ओळ अर्ध्या अर्जदारांना दारातच थांबवते, कारण थ्रीडी रेंडरिंग पेलणारं मशीन स्वस्त नसतं. ऑफिसात एक जादा डेस्कटॉप, त्यावर परवाना असलेलं सॉफ्टवेअर, आणि ही ओळ जाहिरातीतून बाद.

सरकारी सवलतींची माहिती ऑफिसातल्या कोणा एकाला तरी असावी, कारण इंटर्न चौथ्या-पाचव्या वर्षातला असतो आणि त्याची धाकटी भावंडंही प्रवेशाच्या उंबरठ्यावर असतात. कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना याही आहेत. पण फी सुटली तरी मॉडेलचं साहित्य, प्लॉटिंग आणि खोली सुटत नाही. तुमचा स्टायपेंड नेमका तिथे कामाला येतो.

तिसरी पायरी: निवड

जाहिरात फक्त ओळखीच्या ग्रुपवर टाकली की ओळखीचेच येतात. पुण्याबाहेरच्या निदान तीन-चार कॉलेजांच्या ट्रेनिंग विभागाला पाठवा: सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर. जाहिरातीत पगार, कामाचे तास, शनिवारचं काय, आणि ऑफिस कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे की नाही, हे लिहा. मजला लिहिल्याने व्हीलचेअर वापरणाऱ्याचा एक फेरा वाचतो, आणि दर वेळी ती ओळ टाइप करताना तुम्हालाही ती टोचत राहते.

अर्ज आले की निवडीत भाग न घेणाऱ्या माणसाने पोर्टफोलिओवरचं नाव, फोटो, पत्ता आणि कॉलेज झाकून फाइलींना क्रमांक द्यावेत. आपल्याकडे आडनाव वाचताक्षणी मनात एक खण उघडतो आणि तो उघडल्याचं कळतही नाही. म्हणून आडनाव दिसूच नये अशी व्यवस्था करायची. पोर्टफोलिओला मर्यादा घाला: १२ पानं, ए-फोर, १० एमबी. मर्यादा नसेल तर ज्याच्याकडे चांगलं प्रिंटिंग आणि रेंडरिंगला पैसे आहेत त्याचा पोर्टफोलिओ आपोआप उजवा दिसतो.

गुणांचा तक्ता पाच मुद्द्यांचा, प्रत्येकी ५ गुण: प्लॅन आणि सेक्शनमधली (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमधली) समज, तपशिलाचं ड्रॉइंग, हाताने रेखाटन, स्वतःच्या कामाबद्दल बोलणं, एक छोटं काम. दोघांनी स्वतंत्र गुण द्यायचे आणि नंतरच बोलायचं. आधी बोललात तर दुसऱ्याचे गुण पहिल्यासारखेच येतात. छोटं काम म्हणजे दोन तासांचं, ऑफिसात बसून, आणि त्याचे पैसे द्यायचे. घरी नेऊन करायला दिलेलं 'टेस्ट' काम प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये वापरणं ही तर सरळ चोरी आहे.

मुलाखत उमेदवाराला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं त्या भाषेत घ्या. प्लॅन समजावताना मराठी चालावी, हिंदी चालावी. कामात इंग्रजी ईमेल लिहावे लागत असतील तर ईमेल लिहायला वेगळे पंधरा मिनिटं द्या. इंग्रजी अडखळल्यामुळे सेक्शनची समज कमी वाटणं हा निवड करणाऱ्याचा घोटाळा असतो.

'मूळचे कुठले?', 'आडनाव काय म्हणालात?', 'लग्नाचं काय ठरतंय?', 'सासर पुण्यातच ना?', 'घरी कोण कोण असतं?' हे प्रश्न विचारूच नका. विचारणाऱ्याला वाटतं आपण आपुलकीने विचारतोय. ऐकणाऱ्याला त्यातला जातीचा आणि बाळंतपणाचा हिशेब बरोबर ऐकू येतो. खरी शंका कामाबद्दल असेल तर ती कामाबद्दलच आणि सगळ्यांना विचारा: 'महिन्यातून दोन शनिवार तळेगावच्या साइटवर जावं लागेल, जमेल का?' हाच प्रश्न मुलालाही.

'आपल्यात बसेल का?' हा शेवटचा सापळा. गुणांच्या तक्त्यात नसलेल्या कारणावरून कोणाला नाकारत असाल तर ते कारण लिहून ठेवा. तीन उमेदवारांसाठी तेच कारण लिहिलं गेलं तर ते एकदा मोठ्याने वाचा.

एक कायदेशीर बाब इथेच. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ नुसार 'आर्किटेक्ट' ही उपाधी कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. नोंदणी न झालेल्या पदवीधराला 'ज्युनियर आर्किटेक्ट' असं कार्ड देऊ नका, आणि नोंदणीची फी ऑफिसने भरावी. नूतनीकरण चुकलं तर नोंदवहीतून नाव निघतं. बाळंतपणात किंवा आजारपणात खंड पडलेल्यांचं नेमकं हेच राहून जातं. त्यांची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर ठेवा.

चौथी पायरी: रात्री, सुट्ट्या आणि डबा

सबमिशनच्या आदल्या रात्री जागणं हे आपल्या धंद्यात शौर्य समजलं जातं. प्रत्यक्षात ज्याच्या घरी स्वयंपाक आणि मूल दुसरं कोणीतरी बघतं त्यालाच ते शक्य असतं. म्हणून सबमिशनच्या ४८ तास आधी ड्रॉइंग गोठवा, त्यानंतर फक्त चुका दुरुस्त करायच्या. क्लायंट शेवटच्या क्षणी बदल सांगतोच, तेव्हा करारातच 'गोठवल्यानंतरचा बदल स्वतंत्र फी' असं लिहा. ही अट नसेल तर वरचं सगळं फुकट.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याकडून काम घ्यायला तिची संमती आणि सुरक्षेची पुरेशी व्यवस्था लागते. सोपा नियम ठेवा: रात्री नऊनंतर जो थांबेल, बाई असो वा पुरुष, त्याला दारापर्यंत कॅब आणि तिचे पैसे ऑफिसचे. हा खर्च महिनाअखेरीला एका जागी दिसू लागला की डेडलाइनही आपोआप सुधारतात.

सुट्ट्यांत गणपती आणि दिवाळी असतेच. त्याशिवाय चार ऐच्छिक सुट्ट्या द्या. कोणी १४ एप्रिलला घेईल, कोणी ईदला, कोणी बुद्ध पौर्णिमेला, कोणी नाताळला. कारण विचारायचं नाही.

डब्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, तसा तो नाही. 'ऑफिसात नॉनव्हेज आणू नये' अशी मायक्रोवेव्हवरची चिठ्ठी पुणेरी पाटीच्या परंपरेत खपून जाते, पण वाचणाऱ्याला ती 'हे घर तुमचं नाही' असंच सांगते. जागामालकाची अट असेल तर भाडेकरार करताना ती काढायचा प्रयत्न करा. वासाचीच अडचण असेल तर खिडकीजवळ जेवायचं टेबल आणि एक एक्झॉस्ट फॅन लावा. चिठ्ठी काढा.

पाचवी पायरी: लैंगिक छळविरोधी समिती

२०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. मोजताना इंटर्न, ट्रेनी आणि कंत्राटी माणसंही धरायची. 'आमचे आठच आहेत' म्हणणाऱ्या अनेक ऑफिसांत तीन इंटर्न असतात, म्हणजे अकरा झाले. समितीत अध्यक्ष म्हणून वरिष्ठ पदावरची स्त्री, कर्मचाऱ्यांतले किमान दोघे आणि स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार अशी एक बाहेरची व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं.

तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकाने त्यावर ६० दिवसांत कारवाई करायची. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

लहान ऑफिसांत दोन गोष्टी बिघडतात. पहिली, नवरा-बायको पार्टनर असतात आणि बायको अध्यक्ष होते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातल्या बाईलाही तिथेच जाता येतं. त्या समितीचा पत्ता नोटीस बोर्डावर लावा. दुसरी, साइट म्हणजे 'बाहेरची जागा' असं समजलं जातं. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती प्रत्येक जागा आणि ऑफिसने दिलेलं वाहनही कायद्याने कामाचं ठिकाणच आहे. वाघोलीच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस काही बोलला, तर तो तुमच्या ऑफिसचाही विषय आहे.

ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. नोकरीत भेदभावाला त्यात मनाई आहे आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. व्यवहारात दोन गोष्टी लगेच करता येतात: फॉर्मवर प्रचलित नावाचा रकाना, आणि एकट्याने वापरायच्या स्वच्छतागृहावर फक्त 'स्वच्छतागृह' अशी पाटी.

सहावी पायरी: बाळंतपणाची रजा, हिशेबासकट

दहा किंवा अधिक माणसं असतील तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असायला हवं. ५० किंवा अधिक माणसं असतील तर पाळणाघराची सोयही लागते. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्यांना पैसे तिथून मिळतात, बाकीच्यांचे ऑफिसने द्यायचे.

लहान ऑफिसला इथेच घाम फुटतो, आणि मग नुकत्याच लग्न झालेल्या मुलीला नोकरीच द्यायची नाही असा मूक ठराव होतो. तो टाळायचा तर पैसे आधीपासून बाजूला काढा. समजा आठ माणसं, सरासरी पगार ४० हजार. महिन्याचा पगारखर्च ३ लाख २० हजार. त्याचे २ टक्के म्हणजे ६,४०० रुपये दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. ३ वर्षांत २ लाख ३० हजार होतात, जवळजवळ एका रजेचे सहा महिन्यांचे पगार. दहापेक्षा कमी माणसं असली तरी हे करता येतं.

रजेच्या सहा आठवडे आधी हस्तांतराची यादी करा: कुठलं ड्रॉइंग कुठल्या फोल्डरमध्ये, कुठला कन्सल्टंट कशावर अडलाय, क्लायंटला काय कबूल केलंय. परत आल्यावर पहिले आठ आठवडे तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. एक काळजी घ्या: परतलेलीला 'हलकं काम' म्हणून मटेरियल लायब्ररी किंवा इन्स्टाग्राम देऊ नका. तिची आधीची साइट तिला परत द्या, ती संपली असेल तर तेवढीच मोठी दुसरी. वडिलांनाही किमान दोन आठवडे द्या. कायदा मागत नाही, पण त्याशिवाय रजा हा 'बायकांचा प्रश्न'च राहतो.

सातवी पायरी: नाव कुणाचं?

डेनिस स्कॉट ब्राउन आणि रॉबर्ट व्हेंचुरी या आर्किटेक्ट पती-पत्नीने दशकानुदशकं एकत्र काम केलं. आर्किटेक्चरमधला सर्वांत मानाचा समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार १९९१ मध्ये एकट्या व्हेंचुरींना मिळाला. २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी ती चूक सुधारायची मागणी केली, निवड समितीने ती मान्य केली नाही. तुमच्या ऑफिसात प्रित्झकर येणार नसेल, पण टायटल ब्लॉक रोज छापला जातो.

त्यावर 'डिझाइन', 'ड्रॉइंग', 'तपासणी', 'साइट' असे चार रकाने ठेवा आणि आद्याक्षरांऐवजी पूर्ण नावं लिहा. प्रोजेक्ट मासिकाला, पुरस्काराला किंवा सोशल मीडियावर पाठवताना नावांची यादी याच ड्रॉइंगवरून उचला, आठवणीवरून नाही. आठवणीत नेहमी तीच दोन-तीन नावं राहतात. ऑफिस सोडून गेलेल्यांची नावंही लिहा. दगडाचं, लाकडाचं काम चांगलं झालं असेल तर गवंडी आणि सुतार यांचीही, त्यांना विचारून.

नोकरी सोडणाऱ्याला सात दिवसांत अनुभवपत्र आणि पोर्टफोलिओत वापरता येतील अशा पानांची लेखी परवानगी द्या. ही परवानगी अडवून माणसं धरून ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. तिचा फटका, दुसऱ्या ऑफिसात शब्द टाकणारं ज्यांचं कोणी नाही, त्यांनाच बसतो.

आठवी पायरी: ऑफिसची इमारत

दुसऱ्यांना रॅम्प काढून देणाऱ्यांच्या स्वतःच्या ऑफिसला तीन पायऱ्या असतात. उताराचं प्रमाण १:१२. म्हणजे १५० मिमीच्या एका पायरीला १८०० मिमी लांबीचा रॅम्प, आणि जुन्या बंगल्याचं ४५० मिमीचं जोतं असेल तर ५४०० मिमी, शिवाय वर-खाली सपाट जागा. रुंदी १२०० मिमी, दोन्ही बाजूंना ७६० आणि ९०० मिमी उंचीवर कठडा. दाराचा मोकळा गाळा ९०० मिमी. संडासात चाकाची खुर्ची फिरायला १५०० मिमी व्यासाची जागा. एकच पायरी असेल तर ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प आणून ठेवा. जिन्याचा पहिला मजला आणि लिफ्ट नाही, अशा जागेत तळमजल्यावर एक टेबल भाड्याने मिळतंय का बघा. नाहीच जमलं तर भाडेकरार संपायची तारीख हीच तुमची मुदत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे आणि समान संधीचं धोरण लिहून काढायला सांगतो.

ड्रॉइंगही वाचता यायला हवं. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारे लोक प्रत्येक मोठ्या टीममध्ये सापडतात. जुनी भिंत आणि पाडायची भिंत फक्त रंगाने दाखवू नका, रेषेची जाडी आणि हॅचही (आतल्या रेघांची भरण) बदला. कमी ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यासाठी साइटवरच्या तोंडी सूचना त्याच दिवशी लिहून पाठवायची सवय लावा. नंतर कॉन्ट्रॅक्टरशी वाद झाला की तीच नोंद तुमच्याही उपयोगाला येते.

नववी पायरी: साइट

साइटवर बायकांसाठी संडास नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी लवकर निघतात. मग 'तिला साइटमध्ये रस नाही' असा शेरा बसतो. मजूर बायकांचे हाल तर याहून वाईट.

कॉन्ट्रॅक्टरला तोंडी सांगून हे होत नाही. काम दिल्यावर सांगितलं तर तो म्हणतो, 'साहेब, रेटमध्ये धरलं नव्हतं.' त्यामुळे टेंडर निघण्याआधीच बीओक्यूत स्वतंत्र आयटम टाका: बायकांसाठी वेगळा, आतून कडी असलेला, पाणी आणि दिवा असलेला तात्पुरता संडास, दर २५ बायकांमागे एक, कचऱ्याच्या झाकणाच्या डब्यासह, काम संपेपर्यंत रोजच्या सफाईसकट. 'सफाईसकट' हे शब्द विसरू नका, नाहीतर पंधरा दिवसांत त्यात सिमेंटची पोती साठवली जातात. पैसे एकरकमी न देता दर महिन्याच्या बिलात द्या, आणि संडास बंद असेल तर त्या महिन्याचे कापा.

सेफ्टी शूज मागवताना ४ आणि ५ नंबरचे जोड ठेवा. मोठ्या बुटात पाय घसरतो आणि परांचीवर तेच जिवावर बेततं. हेल्मेटचा पट्टा आवळता येणारा हवा. मुळशी किंवा चाकणच्या साइटला कोणी एकटं दुचाकीवर जाणार असेल तर प्रवास उजेडात संपेल अशी वेळ ठरवा, गाडी ऑफिसची द्या.

मजुरांची मुलं वाळूच्या ढिगाशी खेळत असतात तेव्हा आर्किटेक्टने तिकडे दुर्लक्ष करायचं नाही. मोठ्या साइटवर कायदा पाळणाघर मागतो. त्याहून लहान साइटवर पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस आणि डोअर स्टेप स्कूल यांसारख्या संस्थांशी बोलता येतं. क्लायंटला पहिल्या बजेटमध्येच खोली आणि पाण्याची जागा दाखवा. बिगारी बाई आणि बिगारी पुरुष यांचा दर वेगळा लिहिलेला बिलात दिसला तर बिल परत पाठवा.

क्रम कसा लावायचा

पहिल्या आठवड्यात दोन तक्ते आणि टायटल ब्लॉक. पहिल्या महिन्यात स्टायपेंड, समिती, मायक्रोवेव्हवरची चिठ्ठी काढणं. तीन महिन्यांत निवडीची नवी पद्धत आणि कोऱ्या रकान्यांतलं वाटप. टेंडरच्या अटी पुढच्या प्रोजेक्टपासून. दर पाडव्याला पगाराचा तक्ता पुन्हा उघडा.

यात सगळ्यात अवघड क्षण क्लायंटसमोर येतो. 'साइटवर मॅडम नको, कोणी अनुभवी पाठवा' असा फोन येतो. उत्तर आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही: 'या साइटच्या प्रमुख त्याच आहेत. ड्रॉइंग त्यांनी काढलंय, स्लॅबच्या आधी सळई त्याच तपासणार. पहिल्या भेटीला मी येतो, पण बोलतील त्याच.' मग पहिल्या भेटीला खरंच जा, आणि गप्प बसा.